विंडोजमधला प्रिंट लॉग: एका झेरॉक्सवाल्याचा दोन महिन्यांचा रिव्ह्यू

पहिलेच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक कापला तो काऊन ते खाली येईलच. नागपूरच्या मानेवाडा रोडला माझं छोटंसं दुकान आहे, झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, जे म्हणाल ते. लोकं कूलरचे रिव्ह्यू टाकतात, सावजीचे टाकतात, मी विंडोजमधल्या एका बंद पडून असलेल्या बटनाचा टाकून राहिलो, कारण त्या बटनाने माझा महिन्याला दोन रिमचा झोल पकडून दिला आणि वरून माझंच नाक कापलं.

झोल असा की माझ्याकडे झेरॉक्स मशीन वेगळी आणि कॉम्प्युटरला लावलेला लेझर प्रिंटर वेगळा. दोघांचे कागदही वेगळे ठेवतो, इतवारीतून गठ्ठा आणला की अर्ध्या रिम इकडे अर्ध्या तिकडे. प्रिंटरवाल्या रिमचा हिशेब सोपा असायला पाहिजे, एका रिमेत 500 कागद, आमच्याकडे पाठपोट प्रिंट फारशी कोणी मागत नाही, म्हणजे 500 कागद म्हणजे 500 पानं. वहीत रोजची पानं लिहितो, गल्ला आणि यूपीआय रात्री जुळवतो. आणि दर महिन्याला वहीपेक्षा साधारण दोन रिम जास्त संपून राहिल्या होत्या. हजार कागद. पैशाने पाहिलं तर फार नाही हो, पण टोनर धरा, आणि मुख्य म्हणजे डोक्याला भुंगा लागला. कागद हवेत तर उडत नाही ना.

आता दुकानात आम्ही दोघंच. मी आणि एक पोट्टा, उमरेडकडचा, बारावी झालेला, दोन वर्षांपासून आहे. मग संशय कोणावर जाईल सांगा. मी एकदोनदा आडून विचारलं, एकदा तर सरळच बोललो की बाबा मित्रांचे प्रोजेक्ट फुकट काढून देत असशील तर सांगून दे. त्याचं तोंड उतरलं. म्हणे, "भाऊ, मी कायले घेऊ कागद? माह्या घरी कोण वाचते?" मी गप्प बसलो पण मनातून गेलं नाही, आणि त्यानंतर पंधरा दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. हे सगळं लिहायला मला बरं वाटत नाही पण रिव्ह्यू आहे तर पूर्ण लिहितो.

भाचा हिंगण्याकडच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करतो, रविवारी घरी जेवायला आला होता. मी म्हटलं कॅमेरा लावतो बे प्रिंटरच्या वर. तो हसायला लागला. "मामा, कॅमेरा कशाला, कोणी किती पानं छापली हे विंडोज स्वतःच लिहून ठेवतं, फक्त ती वही तुमच्याकडे बंद आहे. चालू करा." मला वाटलं काहीतरी सॉफ्टवेअर विकत घ्यायला लावून राहिला. तर नाही, फुकट, आधीपासून कॉम्प्युटरमध्ये आहे.

त्याचं नाव इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टमध्ये टाइप करा, येतं. डावीकडे फोल्डरांची लांबच लांब लाइन असते, त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग खाली खाली जात पी वर प्रिंटसर्व्हिस. त्यात दोन वह्या दिसतात, ॲडमिन आणि ऑपरेशनल. ॲडमिनवाली आधीपासून चालू असते पण तिच्यात फक्त रडगाणं, प्रिंट फेल झाली, ड्रायव्हर सापडला नाही वगैरे. खरा माल ऑपरेशनलमध्ये आणि तीच बंद. तिच्यावर राइट क्लिक, एनेबल लॉग, झालं. ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिन पाहिजे तेवढं. भाचा म्हणतो ते काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एका ओळीतही होतं, त्याला तेच आवडतं, मला नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो कारण माझी फाटली होती. इव्हेंट व्ह्यूअर पहिल्यांदा उघडलं की लाल लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण इतके दिसतात की वाटतं कॉम्प्युटर आता जातो की मग जातो. तसं काही नसतं. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही त्या फुल्या असतात, कुठली तरी सर्व्हिस उशिरा उठली की विंडोज लगेच नोंद करतं. हीच फुल्यांची भीती दाखवून फोनवरचे फ्रॉडवाले लोकांना गंडवतात, "सर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, बघा किती एरर", आणि मग रिमोटचं ॲप टाकायला लावतात. असा फोन आला तर ठेवून द्या.

बरं, त्यातल्या एका फुलीने मात्र खरंच काम केलं. मेमध्ये दुपारी कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू व्हायचा, एक मेकॅनिक मदरबोर्ड बदलायचं म्हणत होता. भाच्याने सिस्टम नावाच्या लॉगमध्ये कर्नेल-पॉवर 41 नंबरची नोंद काढली, म्हणजे आधी नीट शटडाऊन न होता कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. आत बगचेक कोड शून्य. शून्य म्हणजे निळा स्क्रीन आलेला नाही, एकतर करंट तुटला नाहीतर मशीन जागच्या जागी गोठली. आमची गोठत नव्हती, सरळ काळी व्हायची. वेळा पाहिल्या तर लाइट लपकत होती तेव्हाच्याच. यूपीएसची बॅटरी मेलेली होती, नवीन टाकली, मदरबोर्ड अजून तोच आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुकानात काय शिजते ते आपल्याला माहीतच आहे, यूपीएसच्या बॅटरीला पहिले पाहून घ्या, मग मेकॅनिककडे जा.

तर प्रिंट लॉग. सोमवारी सकाळी चालू केला, दिवसभर काम केलं, रात्री शटर अर्धं खाली ओढून बसलो पाहायला. प्रत्येक प्रिंटमागे पाचसहा नोंदी पडतात, स्पूल झालं, रेंडर झालं असलं काहीबाही, त्या सगळ्या वाचायच्या नाहीत. उजवीकडे फिल्टर करंट लॉग आहे, त्यात इव्हेंट आयडीच्या खान्यात 307 टाका. 307 म्हणजे छापून झालं. त्या एका नोंदीत सगळं असतं, जॉब नंबर, कोणाच्या लॉगिनवरून, कुठल्या कॉम्प्युटरवरून, कुठल्या प्रिंटरवर, किती बाइट्स, आणि शेवटी पेजेस प्रिंटेड अमुक. तारीख वेळ सेकंदापर्यंत.

आणि पहिल्याच रात्री दोन पोपट झाले. एक, आम्ही दोघं एकाच लॉगिनवर काम करत होतो, त्यामुळे सगळ्या नोंदी एकाच नावाच्या. कोणी छापलं ते काय डोंबल कळणार. दोन, डॉक्युमेंटच्या नावाच्या जागी सगळीकडे नुसतं "प्रिंट डॉक्युमेंट". सातबारा असो, महाडीबीटीचा फॉर्म असो की लग्नाची पत्रिका, सगळे प्रिंट डॉक्युमेंट. भाच्याला फोन केला तर म्हणे हो मामा, ते मुद्दाम तसं आहे, फाइलचं नाव लपवतात. ते नाव पाहिजे असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नियमांच्या खिडकीत जायचं, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, प्रिंटर्स, आणि तिथे अलाऊ जॉब नेम इन इव्हेंट लॉग्ज हे एनेबल करायचं. माझ्याकडे प्रो आहे म्हणून जमलं, होम एडिशनमध्ये ती ग्रुप पॉलिसीची खिडकीच नसते, तिथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगा जिथे साठवतात तिथे, हात घालावा लागतो, ते माहितगार माणसाकडूनच करवा.

दोन लॉगिन केले. माझं ॲडमिन, पोट्ट्याचं साधं. याचा एक फायदा असा की साध्या लॉगिनवाल्याला लॉग पुसता येत नाही, आणि ॲडमिनने पुसला तरी सिस्टमच्या लॉगमध्ये 104 नंबरची नोंद पडते की लॉग क्लिअर केला. म्हणजे वही फाडली तरी फाडल्याची नोंद दुसऱ्या वहीत. हे मला लय आवडलं, आमच्या आजोबांचा मुनीम असाच होता म्हणतात. त्रास असा की दुकानात दर दहा मिनिटाला लॉगिन बदलायचं म्हणजे कटकट, आणि गिऱ्हाइकं फाइली व्हॉट्सॲपवरच पाठवतात तर दोन्ही लॉगिनमध्ये व्हॉट्सॲप वेब वेगवेगळं जोडावं लागलं. पहिले दोन दिवस आम्ही दोघंही वैतागलो. पोट्ट्याला मी कारण सांगितलं नाही, म्हटलं विंडोजचं अपडेट आहे. त्याला कळलं असणारच, तो काही येडा नाही.

आणखी एक, घड्याळ पहिले पाहून घ्या. आमच्या जुन्या डब्याचा मदरबोर्डवरचा सेल, तो शर्टाच्या बटनासारखा सीआर 2032, उतरलेला होता, सकाळी स्विच टाकला की इंटरनेट लागेपर्यंत तारीख कुठल्या कुठे. पहिल्या दिवशीच्या सकाळच्या चार नोंदी अशाच भलत्या वर्षात जाऊन बसल्या होत्या आणि मी त्या शोधत बसलो. सेल बदला, दोन मिनिटाचं काम आहे.

मग सोमवार ते शनिवार एक आठवडा चालवला. फिल्टर लावून सीएसव्हीमध्ये सेव्ह केलं, एक्सेलमध्ये उघडलं, एका बाजूला माझी वही. लॉगमध्ये 1,212 पानं, वहीत 968. फरक 244. आता तुम्ही म्हणाल वा, सापडलं, काढा पोट्ट्याला. लॉगिनच्या कॉलमवर सॉर्ट केलं. फरकातली 36 पानं टेस्ट पेज आणि अडकलेले कागद. पोट्ट्याच्या लॉगिनची 21. आणि 187 माझी.

मी दोनदा सॉर्ट केलं. तिसऱ्यांदाही केलं.

मग एकेक नोंद उघडून पाहिली. बुधवार, दुपारी 2 वाजून 41 मिनिटं 7 सेकंद, माझं लॉगिन, 18 पानं, कुठल्यातरी पोराचा प्रोजेक्ट. त्याच्या खाली 2 वाजून 41 मिनिटं 52 सेकंद, माझंच लॉगिन, तीच फाइल, तीच 18 पानं. गुरुवारी असंच, शुक्रवारी दोनदा. सगळ्या दुपारी दोन ते चारच्या मध्ये, पोट्टा जेवायला जातो आणि मी एकटा काउंटरवर असतो तेव्हा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुपारी गर्दी नसते, प्रिंटर झोपून जातो. प्रिंट दिली की त्याला गरम व्हायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात मला वाटतं गेली नाही, म्हणून मी पुन्हा कंट्रोल पी, पुन्हा एंटर. मग दोन्ही निघतात. एक गिऱ्हाइकाला देतो, दुसरी काउंटरखालच्या खोक्यात टाकतो, आणि महिन्याभराने ते खोकं घरी नेतो, पोरगी पाठकोऱ्या बाजूवर गणिताचं रफ करते. म्हणजे हजार कागद माझ्याच घरी, माझ्याच हाताने नेलेले, मी रोज ते पाहून राहिलो होतो आणि इकडे एका गरीब पोट्ट्यावर डोळा.

दुसरं म्हणजे फॉर्मच्या पीडीएफ. हॉल तिकीट एक पान, मागे तीन पानं सूचना. गिऱ्हाइकाला एकच पाहिजे असतं, मी सरळ ऑल पेजेस देतो, तो एकाचे पैसे देतो, तीन खोक्यात. पोट्टा पेज रेंज टाकतो. त्याच्या नोंदीत एकेक पानाचे जॉब दिसतात, माझ्या नोंदीत चार चारचे. लॉगमध्ये माणसाची सवय दिसते हो, चेहरा दिसत नाही पण सवय दिसते.

सोमवारी त्याला सांगितलं. सगळं दाखवलं, स्क्रीनवर, माझं नाव आणि आकडे. माफी बिफी मला नीट मागता येत नाही, तर्री पोहे मागवले दोन प्लेट. तो पोहे खात खात स्क्रीन पाहत होता, मग म्हणे, "भाऊ, ह्या 21 मधल्या 8 तर तुमच्याच आहेत, मी लघवीले गेलो तवा तुम्ही माह्या लॉगिनवर बसले होते." खरं होतं. तेही मी केलं.

आता तो एक स्टार. पहिली गोष्ट, हा लॉग आधीपासून बंद का ठेवतात. चालू केल्याच्या आधीचं एक अक्षरही मिळत नाही, मागच्या सहा महिन्याचा हिशेब विसरा. ज्याला गरज पडते त्याला गरज पडल्यावरच कळतं की असं काही आहे, आणि तोवर उशीर. दुसरी, लॉगची साइज 1028 केबी म्हणजे जेमतेम 1 एमबी ठरलेली असते, ती भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितो. आमच्यासारख्या दुकानात ती कधी भरली कळणारही नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन साइज वाढवा, मी 20 एमबी केली, आणि तिथेच पर्याय आहे की भरल्यावर पुसण्याऐवजी जुनी फाइल बाजूला ठेवून नवीन सुरू कर, तो मारा.

तिसरी आणि सगळ्यात बेकार, 307 मधला पानांचा आकडा कॉप्या मोजत नाही. दोन पानांच्या दहा कॉप्या काढल्या तर तिथे 2 च लिहून येऊ शकतं. कॉप्यांचा आकडा 805 नंबरच्या वेगळ्याच नोंदीत असतो, आणि जॉब नंबरावरून दोन्हीची जोडी लावायची. काही प्रोग्राम मात्र कॉप्या स्वतःच गुणून पाठवतात, तेव्हा आकडा बरोबर येतो, त्यामुळे आंधळेपणाने गुणाकार केला तर उलटं जास्त दिसतं. मी पहिल्या आठवड्यात हे जोडकाम हाताने केलं, दोन रात्री गेल्या. भाच्याने नंतर छोटी स्क्रिप्ट करून दिली, बदल्यात संत्रा बर्फीचा डबा घेऊन गेला.

चौथी, छापलं म्हणजे कागद बाहेर आला असं नाही. विंडोजने प्रिंटरकडे माल पाठवला की त्याचं काम संपलं, त्याने 307 लिहिलं. पुढे कागद अडकला, टोनर फिका गेला, अर्धं पान कोरं आलं, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि झेरॉक्स मशीनच्या काचेवर ठेवून काढलेली कॉपी तर यात कधीच येणार नाही, कारण ती कॉम्प्युटरमधून जातच नाही. ज्यांच्याकडे एकच मशीन प्रिंटही करते आणि झेरॉक्सही, त्यांनी मशीनच्या आतला काउंटर आणि हा लॉग दोन्ही पाहिल्याशिवाय कोणावर बोट दाखवू नका, माझं ऐका.

फाइलचं नाव दाखवायची सेटिंग मी महिन्याभरात बंद करून टाकली. लॉग स्क्रोल करताना लोकांच्या फाइलांची नावं दिसायला लागली, कोणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, कोणाची घटस्फोटाची नोटीस, आधार तर शेकड्याने. लोकं विश्वासाने पाठवतात, प्रिंट झाली की मी फाइल डिलीट करतो असं बोर्डवर लिहून ठेवलंय, आणि इकडे नाव जमा होऊन राहिलं. आकडे कळले तेवढं पुरे, नाव नाही पाहिजे. ऑफिसवाल्यांनी तर हे चालू करायच्या आधी स्टाफला सांगूनच करावं, मी नाही सांगितलं आणि ते काही मला शोभलं नाही.

बाकी वेगाचं म्हणाल तर कॉम्प्युटर हळू झाला असं काही जाणवलं नाही, माझा जुना डबा आहे तरी. दुसऱ्या महिन्याचा फरक 118 पानं आला, पूर्ण महिन्याचा, त्यातली जास्त करून अडकलेलीच. प्रिंटरची झोपायची वेळ एक मिनिटाची पंधरा मिनिट केली, विजेचं बिल थोडं वाढेल तर वाढेल. खोकं अजून काउंटरखालीच आहे पण तळाशी, पोरगी विचारत होती की बाबा रफ पेपर का नाही आणले, तिच्यासाठी 30 रुपयाची वही आणली.

काल दुपारी अडीचला एक बाई आल्या, पोराच्या ॲडमिशनचे कागद, सहा पानं. मी प्रिंट दिली. प्रिंटर गप्प. माझा हात परत कीबोर्डकडे गेला तर मागच्या टेबलावर डबा खात बसलेला पोट्टा वर न पाहता म्हणे, "गेली भाऊ, गेली. दाबू नका."